वरची जागा रिकामी ठेवा

ओ, थांबा जरा. मी सिलिंडर बोलतोय. हो, तोच, ज्याला तुम्ही हलवून बघता, बोटाच्या पेरानं वाजवून बघता, आणि काही कळलेलं नसताना मान डोलावून म्हणता, "आहे अजून." ओट्याखाली झाडू आणि कांद्याची टोपली यांच्या मधे मला कोंबता. घरातली चूल माझ्या जिवावर, आंघोळीचं पाणी माझ्या जिवावर, आणि मान किती? झाडूइतका. आज बोलायला बसलोय तर गुमान ऐका.

जन्म माझा कारखान्यातला. लोखंडाचा पत्रा दाबून दोन वाट्या केल्या, एकीवर एक उपडी घालून जोडल्या. मग पोटात पाणी भरून दाब दिला, फुटतो का बघायला. नाही फुटलो. तेव्हा कुठं डोक्यावर पितळी व्हॉल्व्ह बसवला. त्याच्या अंगाला एक बारकी स्प्रिंग असते. ती स्प्रिंग म्हणजे माझं तोंड. पोटातला दाब सोसेनासा झाला की ती उघडते आणि मी शिट्टी मारतो. तुमच्यासारखं उठसूट तोंड उघडायची सवय नाही मला.

आणखी एक ऐका. गॅसला स्वतःचा असा वास नसतो. त्यात मुद्दाम सडका वास घालतात, गळला तर माणसाला कळावं म्हणून. माणसाच्या नाकावर केवढा हा विश्वास!

मी ज्या घरात आलो तिथले मोठे म्हणजे आबा. उभा जन्म एका गोदामाच्या दारावर पहारेकरी होते. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पिशव्या तपासल्या, म्हणून सगळं जग चोर आणि आपण एकटे शहाणे. घरात त्यांची बायको, म्हणजे सासूबाई. मुलगा दुधाचा टेम्पो चालवायचा, दिवसभर बाहेर. आणि सून. ती खिडकीपाशी मशीनवर बसून लोकांचे कपडे शिवायची. बोलायची कमी. पण नाक असं, की शेजारणीचं दूध करपायच्या आधी हिला कळायचं.

माझ्यावर एक शेगडी आणि न्हाणीघरातला गिझर. दोन नळ्या मला जोडून आबांनी स्वतः ते काम केलेलं. "माणूस कशाला बोलवायचा? मला काय हात नाहीत?" हात होते, तेच तर दुखणं. गळतंय का बघायला साबणाचा फेस लावायचा असतो, बुडबुडा आला की कळतं. आबा काय करायचे? काडी ओढून नळीजवळ धरायचे. "पेटलं नाही, म्हणजे गळत नाही." वा आबा! आणि पेटलं असतं तर हे सांगायला कोण उरलं असतं?

एकदा सून मशीनवरून उठली. "आबा, गॅसचा वास येतोय."

आबांनी काडी ओढली. नाही पेटलं. खिडकीतून वारा येत होता, त्यांचं नशीब आणि सगळ्यांचं. "काही नाही. भास होतो तुला."

तिनं ऐकलं नाही. सासूबाईंना बाहेर काढलं, शेजारच्यांना हाक मारली, गल्ली गोळा केली. लोक आत आले, कपाट सरकवलं, आणि मागं सापडला मेलेला उंदीर. झालं! गल्ली हसून लोळली. आबांनी उंदीर शेपटीला धरून सगळ्यांना दाखवला, जसा काही स्वतः शिकार करून आणलाय. "हा बघा हिचा गॅस!"

खरं मला माहीत होतं. उंदीर मेलेला होता, आणि माझ्या तोंडाशी नळीचा रबरी वायसरही झिजलेला होता, त्यातून बारीक गळत होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या. पण माणसाला एक उंदीर सापडला की तो पुढचं शोधत नाही. पुढं नळी काढता-घालता मुलानं वायसर बदलला, आणि कुणाला काही न सांगता टेम्पो घेऊन गेला. सुनेला मात्र नाव पडलं, नाकाडी. पोरंटोरं सोडा, चांगले बाप्ये दारावरून जाताना विचारायचे, "काय नाकाडे, आज कुठला उंदीर?" ती मान खाली घालून शिवायची. सुई जरा जोरात चालायची, एवढंच.

मग मी रिकामा झालो. झालो म्हणजे, आबांनी आधी मला हलवलं, मग आडवं पाडलं, मग कोमट पाण्याच्या घमेल्यात उभं केलं, तळाचं शेवटचं निघावं म्हणून. कुठल्या म्हशीला पिळलं नसेल असं पिळलं. मग सायकलला बांधून भरायला नेलं.

गॅस भरणारा आबांसारखाच तापट. त्यानं मला काट्यावर ठेवलं, भरलं, काटा एका खुणेवर आला की नळी बंद. आबांनी मला वरून वाजवलं. ठण्ण.

"हे काय? वर पोकळ वाजतोय!"

"वाजणारच. वर जागा ठेवावी लागते."

"कशाला? तुझ्या म्हातारीला राहायला?"

"ओ आबा, उन्हात गॅस फुगतो. जागा नसली तर जाईल कुठं?"

"फुगायला गॅस म्हणजे काय कणकेचा गोळा आहे? पूर्ण भर!"

"तुम्ही गळ्यापर्यंत जेवता का?"

"जेवतो!"

"मग तुमचं तुम्ही निस्तरा. मी भरणार नाही. नेता का ठेवू?"

आबांनी उभा जन्म लोकांच्या पिशव्यांत चोरलेला माल शोधला होता. इथं तर चोरी उघड ऐकू येत होती, ठण्ण! मला परत सायकलला बांधलं आणि नेलं टायरवाल्याकडं. टायरवाला पंक्चर काढायचा आणि मागच्या बाजूला मोठा सिलिंडर उलटा टांगून लहानात गॅस ओतायचा. त्याच्याकडं काटा नव्हता, खूण नव्हती, आणि भीडही नव्हती. "किती भरू?" "वाजेनासा होईपर्यंत." ओतलं. आबांनी वाजवलं. थप्प. भरल्या पोटाचा आवाज. आबांचा चेहरा असा फुलला, जसा चोरीला गेलेला सगळा माल वसूल झाला.

माझी काय अवस्था होती ती मीच जाणे. श्वास घ्यायला जागा नाही. तुम्हाला लग्नात आग्रहानं वाढलंय, आणि वरून घट्ट पट्टा आवळलाय, असं समजा.

घरी आल्यावर सून म्हणाली, "आबा, तो बाहेर ठेवा. घरात नको." उंदराच्या प्रकरणानंतर एवढं एकच तिनं मागितलं होतं. आबांना ते पटलं, पण वेगळ्याच कारणानं. एवढा भरलेला सिलिंडर दाखवायला नको का? अंगणात न्हाणीघराच्या भिंतीला मला उभं केलं. आणि बाहेर ठेवला म्हणजे चोर आलाच. म्हणून जाड साखळी आणली, मला भिंतीवरच्या पाइपला बांधलं, कुलूप घातलं. वर चोराला दिसू नये म्हणून काळं प्लास्टिक टाकलं आणि सुतळीनं आवळलं. काळं! भर उन्हात! गळ्यापर्यंत भरलेला मी, काळी गोधडी पांघरून, साखळीनं जखडलेला. कैद्यालासुद्धा एवढी सेवा मिळत नसेल.

"आता कोण नेतो बघू," आबा म्हणाले. कोणी नेणार नव्हतं, आबा. तेच तर!

पहिल्याच दिवशी दुपार तापली. आबा आंघोळीला गेले. ते दुपारीच आंघोळ करतात आणि भर उन्हाळ्यातही कढत पाण्यानं. न्हाणीघराचं दार लावलं, गिझर पेटवला. भिंतीच्या आत गिझरची ज्योत, भिंतीच्या बाहेर मी. माझं पोट ताणत चाललं. ताणत चाललं. शेवटी माझी स्प्रिंग उघडली आणि मी आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडलं. फुस्स् करून नाही, चांगली शिट्टी मारली. पण प्लास्टिकमधून ती शिट्टी कशी ऐकू यावी, तर मांजर शिंकल्यासारखी. आणि गॅस प्लास्टिकखाली साचून खालून सरपटायला लागला. माझा गॅस वर उडत नाही, जमिनीवरून सापासारखा जातो. न्हाणीघराच्या दाराखाली बोटभर फट होती.

सुनेची मशीन थांबली.

मला तिचं नाक दिसत नव्हतं, पण शांतता ऐकू आली. काय विचार करत असेल ती? परत ओरडले आणि परत उंदीर निघाला तर? या गल्लीत तोंड दाखवायची सोय राहणार नाही. नाही ओरडले तर? एवढा विचार करायला तिनं फार तर एक टाका घेतला असेल. पळतच बाहेर आली, पहिली हाक सासूबाईंना. "बाहेर व्हा, रस्त्यावर जा!" दुसरी न्हाणीघराच्या दाराला.

"आबा, गिझर बंद करा! बाहेर या!"

"डोळ्यात साबण गेलाय माझ्या!"

"गॅस गळतोय!"

"परत उंदीर मेला का गं?" आतून हसणं.

तिनं पुढं बोलण्यात वेळ घालवला नाही. आली ती थेट माझ्याकडं. प्लास्टिकची सुतळी दातानं तोडली, पांघरूण भिरकावलं, आणि मी जोरात शिट्टी मारत असताना माझी चावी फिरवून बंद केली. शिट्टी चालूच, ती चावीनं थांबत नाही, पण आतल्या गिझरची ज्योत विझली. कढत पाणी गेलं, गार पाण्याची धार आबांच्या डोक्यावर.

न्हाणीघरातून असा शब्द आला की तो मी सांगणार नाही. लोखंडाचा असलो तरी लाज आहे मला.

दार उघडून आबा बाहेर. कमरेला टॉवेल, अंगभर फेस. मला ओढून लांब न्यावं, तर साखळी. किल्ली कुठं? आबांच्या विजारीच्या खिशात. विजार कुठं? न्हाणीघरात खुंटीला. आणि आबांच्या हातात काय होतं? किल्ली नव्हती. काड्यापेटी! गिझर पेटवायची, खिडकीतून उचललेली.

"कुठं गळतोय? बघतोच आता." आणि काडी काढली.

ऐकलं ना? मी समोर शिट्टी मारतोय, गॅस पायात लोळतोय, आणि हा माणूस काडी ओढून बघणार, गळतोय का!

सुनेनं मला थंड करायला पाण्याची बादली उचलली होती. ती तिनं आबांवर ओतली. अख्खी. डोक्यापासून. काडी, पेटी, फेस, सगळं एका दमात धुऊन निघालं. सासऱ्यावर बादली! गल्लीतल्या बायका दारात आल्या होत्या, त्यांच्या तोंडाचा आ झाला.

"रस्त्यावर व्हा," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. आबा मुकाट रस्त्यावर गेले. मग तिनं नळाला पाइप लावला आणि लांबून माझ्यावर पाणी सोडलं. पाणी अंगावरून गेलं, पोट निवलं, स्प्रिंग मिटली. मी गप्प झालो. रस्त्यावर सासूबाई टॉवेलातल्या आबांकडं बघून हसत होत्या. इतकी वर्षं त्या घरात काढली, त्यांचं हसू मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

संध्याकाळी तो गॅस भरणारा आला. मला तपासून जादाचा गॅस काढून घेतला आणि आबांना म्हणाला, "सांगितलं होतं ना?"

"काय सांगितलं होतंस? माझी साखळी होती म्हणून उडाला नाही. नाहीतर गेला असता तीन घरं ओलांडून."

आजही गल्लीत ते हेच सांगतात. साखळीनं घर वाचवलं. ऐकणारे मान डोलावतात आणि सुनेकडं बघतात. पण नाकाडी म्हणायची आता कुणाची छाती नाही.

माझी वर्षं भरली. भरणाऱ्यानं व्हॉल्व्ह काढून घेतला, आता मला कोणी भरत नाही. अंगणातच उभा आहे, साखळीसकट, कारण त्या दिवशीच्या गडबडीत विजारीच्या खिशातून किल्ली कुठं पडली ते आबांना कळलंच नाही. सून माझ्यावर ओले फडके वाळत घालते. सावलीत नवा सिलिंडर आलाय. त्याला आबांनी पहिल्या दिवशी वाजवलं. ठण्ण. तोंड वाकडं केलं, पण टायरवाल्याकडं नेला नाही. नळी जोडली, काड्यापेटी उचलली, जरा थांबले, आणि पेटी परत खिडकीत ठेवली.

"ए सूनबाई," ते दुसरीकडं बघत म्हणाले, "जरा नाक लाव इथं."

ती मशीनवरून उठली, साबणाच्या फेसाची वाटी घेऊन आली.

माफी कुणी मागितली नाही, आणि मीही मागत नाही. माझं एवढंच सांगणं, वरची ती पोकळ जागा तुमची नाही, आमची आहे. तिच्यावर डोळा ठेवू नका. आणि घरातलं कुणी म्हणालं की वास येतोय, तर उंदीर नंतर शोधा.