भुकटीवरची पावलं

ढुंढिराज कमरेत वाकून अंगणभर पांढरी भुकटी चाळत होता, आणि त्याच्या हातात घरातली पिठाची चाळण होती.

"माझी चाळण!" स्वयंपाकघराच्या दारातून लीला ओरडली. "अहो, दिमाग तो ठीक है न?"

लीला रागावली की हिंदीत शिरायची. लग्न होऊन बनारसला आल्याला छत्तीस वर्षं झालेल्या बायकोला तेवढी सूट द्यायला हवी, असं तिच्या नवऱ्याचं मत होतं.

"चुनखडीची भुकटी आहे. विषारी नाही," मान वर न करता तो म्हणाला. "धुऊन देतो ना चाळण."

"नको. आता तुम्हीच घ्या ती, पोळ्यासुद्धा तुम्हीच लाटा."

रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त होऊन त्याला सात महिने झाले होते. तेवढ्यात घरातली प्रत्येक वस्तू, न बिघडलेलीसुद्धा, त्याने एकदा दुरुस्त करून टाकली होती. आता अंगणात वाट करायची टूम निघाली होती. गवंडी नाही, मजूर नाही. सोनभद्रहून चुनखडीची गिट्टी, म्हणजे खडी, आली होती, भुकटीची पोती आली होती. त्यात विझवलेला चुना आणि पाणी घालून कालवायचं, फळ्यांच्या साच्यात ओतायचं, ठोकून बसवायचं, की झाली वाट. मोबाइलवर एक म्हातारा कारागीर हे सगळं दाखवत होता. त्यानेच शेवटी सांगितलं होतं, ओतण्याआधी चार दिवस भुकटी पसरून माणसं कुठून चालतात ते बघा. ढुंढिराजला ते ऐकून असा काही आनंद झाला की त्या रात्री त्याने लीलालाही दोनदा ऐकवलं.

"इतकी वर्षं या घरात राहून आपण कुठून चालतो ते ठाऊक नाही तुम्हाला?" तिने विचारलं.

"वाटतं ठाऊक आहे म्हणून. बघू या की."

आणि खरंच, बघण्यासारखं निघालं. दूधवाला पायऱ्यांकडे सरळ न येता तुळशीला वळसा घालून यायचा. लीला दोरीवरचे कपडे काढायला जाताना कोपरा कापायची, येताना मात्र लांबून यायची. एक मांजर होतं, ते कुठूनही जायचं. सगळ्यात गंमत म्हणजे एक जोडी पावलं फाटकापर्यंत जाऊन काही न करता परत आलेली होती, तीही दिवसातून पाच वेळा. ती कुणाची असावीत यावर ढुंढिराजने बराच विचार केला आणि मग मुकाट्याने आपली चप्पल त्यांवर ठेवून पाहिली. आलेखाच्या कागदावर तो सगळ्यांच्या वाटा काढून ठेवत होता, ही पावलं तेवढी त्याने काढली नाहीत.

तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तो घराच्या मागच्या बाजूला गेला आणि जागीच थांबला.

आत्याच्या खोलीच्या मागच्या दारातून पावलं निघाली होती. सपातांची पावलं, फरपटल्यासारखी, आणि प्रत्येक पावलाशेजारी रुपयाएवढं गोल भोक. काठीचं.

शरदिनी आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची, गणिताची निवृत्त शिक्षिका. आई लवकर गेली तेव्हा ढुंढिराजला आणि त्याच्या धाकट्या भावाला, बिंदुमाधवला, तिनेच वाढवलं. कार्तिकात न्हाणीघरात पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, पुन्हा पडल्या तर मग उठणं नाही. तेव्हापासून कुणाचा हात धरल्याशिवाय तिने उंबरासुद्धा ओलांडायचा नाही, असा घरात नियम होता. ती पाळतेय अशी घरातल्यांची समजूतही होती.

पावलं पडक्या विटांच्या ढिगाजवळून गेली होती. पेरूच्या वर आलेल्या मुळांवरून तर चक्क पलीकडे उतरली होती. शेवटी ती थेट मागच्या भिंतीशी जाऊन थांबली होती. तिथे पांढऱ्या भुकटीवर एक लाल ठिपका होता.

त्याने उकिडवं बसून बोट लावलं, वास घेतला. कात, बडीशेप, गुलकंद.

"पान!" तो स्वतःशीच म्हणाला. आत्याचं पान साखरेपायी दोन वर्षांपूर्वीच बंद केलेलं होतं.

भिंतीपलीकडे बिंदुमाधवचं घर होतं. बोअरिंग कुठे खणायचं यावरून दोघा भावांचं वाजलं, ते अकरा वर्षांपूर्वी. बोअरिंग पुढे दोघांनीही वेगवेगळं खणलं, आणि ढुंढिराजने स्वतः उभं राहून ही सहा फुटी भिंत घालून घेतली. तेव्हापासून बोलणं नाही, सणावाराला जाणं नाही. आत्या थोरल्याकडे राहिली, कारण तिची खोली या बाजूला होती.

भिंतीतली एक वीट त्याला सैल दिसली. तिच्या कडा हाताळून गुळगुळीत झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली, लीला पडली, तसा ढुंढिराज पाण्याच्या मोटारीच्या खोलीआड जाऊन उभा राहिला. साठी उलटलेल्या माणसाने असं लपून बसावं याची त्याला लाज वाटत होती, पण उत्सुकता लाजेहून मोठी होती.

दार उघडलं. आत्या आली, काठी टेकत, मुळांपाशी क्षणभर थांबत. पालथ्या बादलीवर बसून तिने काठीने भिंतीवर दोनदा टकटक केलं. वीट पलीकडे सरकली. भोकातून एक हात बाहेर आला, हातात पानाचा विडा.

हात म्हाताऱ्याचा होता. शिरा वर आलेल्या, कातडी सैल झालेली. बिंदू आपल्याहून सहा वर्षांनी लहान, मग हा हात कुणाचा? भावाला म्हातारा होताना त्याने पाहिलंच नव्हतं.

"गुलकंद कमी घातलाय," पलीकडून आवाज आला. "तिकडे आवाज कसला चाललाय दोन दिवस?"

"ढुंढी वाट करतोय. गिट्टी, चुना, काय काय आणलंय. सारं अंगण पांढरं केलंय बेट्याने."

"चुन्याची? सिमेंट नाही?" आवाजात एकदम जान आली. "चुना घरीच विझवला की विझवलेला आणला?"

"मला काय विचारतोस? तोंड आहे ना तुला?"

वीट परत जागेवर सरकली.

परतताना आत्याची सपात मुळात अडकली. ढुंढिराज ओरडणारच होता. तिने पेरूची फांदी धरली, दोन श्वास घेतले आणि काठी सावरून आत गेली. तो मात्र बराच वेळ मोटारीच्या खोलीला टेकून उभा राहिला. लीलाला सांगितलं तर आज संध्याकाळी त्या दाराला कुलूप लागेल, हे त्याला कळत होतं. कुलूप लावणं शहाणपणाचंच होतं. पण मग त्या बाईच्या दिवसात उरणार काय?

सकाळी त्याने वाटेच्या आखणीच्या दोऱ्या बांधल्या त्या आत्याच्या दारापासून.

"इकडे कुठे?" लीला म्हणाली. "वाट फाटकापासून होती ना? मागे तर नुसती भिंत आहे!"

"पावलं इकडे जातात," तो म्हणाला.

लीलाने खाली पाहिलं, काठीची भोकं पाहिली, भिंतीकडे पाहिलं. मग पदर खोचून तिने फावडं उचललं.

चार दिवस दोघं खपली. पेरूला वळसा दिला, मुळं झाकली, चढउतार काढून टाकला, एका बाजूने धरायला लोखंडी नळी बसवली. आत्याला खुर्चीवर बसवलं होतं. इतका वेळ गप्प बसल्याचं तिचं उदाहरण घरात कुणाला आठवत नव्हतं.

"ढुंढी, ही वाट जाते कुठे रे?" शेवटी तिने विचारलंच.

"पेरूपर्यंत."

"पेरू तर मागे राहिला."

"मग थोडी पुढे."

आत्याने चष्मा काढला. ती तो उगीचच पुसत बसली.

शेवटचा हात भिंतीशी फिरवायचा राहिला होता. ढुंढिराज गुडघ्यांवर बसून थापीने ओला चुना सारखा करत होता, तेव्हा त्याच्या कानाशी वीट खरवडल्याचा आवाज झाला. त्याने वर पाहिलं नाही.

"पाणी किती धरलंस?" भोकातून प्रश्न आला.

थापी थांबली. अकरा वर्षं या आवाजाला काय सुनवायचं ते त्याने कितीदा घोकून ठेवलं होतं, आणि आता त्यातलं एक अक्षर आठवेना.

"मुठीत दाबलं तर गोळा व्हावा, एवढंच," तो म्हणाला. "जास्त झालं तर तडकतं."

"हं. माझ्याकडची जमीन चार बोटं खाली आहे. आधी भर टाकावी लागेल."

"टाक. पण ठोकून टाक."

"आणि रुंदी? भिंतीत दार पाडायचं तर किती ठेवू?"

ढुंढिराजने मागे वळून पाहिलं. आत्या खुर्चीतून उठली होती, आणि लीला तिचा दंड धरून शेजारी उभी होती.

"अडीच फूट," तो म्हणाला. "आत्याला धरून एक माणूस चालायला हवा."

"धरणार कोण?"

"भिंतीपर्यंत मी आणीन," ढुंढिराज म्हणाला. "तिथून तू."