अडीचपैकी दोन पावलं

मी एक जुना कॅमेऱ्याचा स्टँड आहे. मला तीन पाय आहेत, आणि माझी गोष्टही पायांचीच आहे.

मित्रांनो, रीतीप्रमाणे आधी जन्म सांगायला हवा. सांगतो, पण झटकन. भोपाळच्या एका सरकारी कारखान्याच्या वसाहतीत श्रीकांतभाऊ नावाचे फिटर राहत. १९८७ साली त्यांच्या मेहुण्याने परदेशातून व्हिडिओ कॅमेरा आणला. तो खांद्यावर धरून हात भरून येई, म्हणून श्रीकांतभाऊंनी व्हरांड्यात बसून, तीन रविवार घालवून, ॲल्युमिनियमच्या नळ्यांपासून मला घडवलं. माझी मान वर, खाली, कुठेही वळे. मला बघायला दोन ब्लॉक पलीकडून माणसं आली. झालं बालपण.

आता मुद्द्याचं.

दर श्रावणात वसाहतीच्या हॉलमध्ये मराठी बायका मंगळागौर जागवत. त्यांच्यात नागपूरकडच्या सिंधूबाई होत्या. त्या अडीच पावलांचा झिम्मा खेळत. तो त्यांना आईने शिकवला होता आणि आईला तिच्या आईने. दोन पावलं घट्ट टाकायची. मग टाच उचलून वळायचं, आणि ती टाच टेकायच्या आत पुढचं पाऊल घ्यायचं. ते न टेकलेलं, ते अर्धं. हॉलमधल्या दुसऱ्या कुणालाही ते जमत नसे. बाकीच्या दोनवर थांबत नाहीतर तीन टाकत, आणि एकमेकींवर आदळून हसत.

पहिल्याच वर्षी श्रीकांतभाऊंनी माझी मान खाली वळवली. पाय दिसू लागले. तेवढ्यात मंडळाच्या अध्यक्ष प्रमिलाबाई तरातरा आल्या.

"भाऊजी, कॅमेरा कुठे चाललाय तुमचा?"

"पायाशी, वहिनी. खेळ पायाचा आहे."

"खेळताना साड्या वर जातात. उद्या ही कॅसेट चार घरी फिरेल. कमरेच्या वर काय ते घ्या."

सिंधूबाई धापा टाकत म्हणाल्या, "अहो, सगळं खालीच तर आहे. वर काय, घाम?"

बायका हसल्या. श्रीकांतभाऊ कानापर्यंत लाल झाले. माणूस भला होता, तीच तर पंचाईत. त्यांनी माझी मान उचलली, आणि पुन्हा चुकून वळू नये म्हणून सुतळीने बांधून टाकली.

अकरा श्रावण. तीच सुतळी.

*कॅसेट क्रमांक ४. मंगळागौर. दीपप्रज्वलन. साहेबांच्या मिसेसचं भाषण. सत्कार. अल्पोपाहार. नाच (थोडा).*

ही चिठ्ठी मला पाठ आहे, कारण कपाटात मी त्या कॅसेटच्या शेजारीच उभा असे. थोडा. आणि त्या थोड्यातही कमरेखालचं काही नाही.

"भाऊजी, यंदा तरी पाय घ्या हो," सिंधूबाई दर वर्षी म्हणत.

"पुढच्या वर्षी विचारतो प्रमिलावहिनींना."

कॅमेऱ्याला दिसलं नाही, पण माझे तीन पाय त्याच फरशीवर होते. ठोका, ठोका, आणि मग एक न पडणारा ठोका. मला तो लागायचा. मान बांधलेल्या स्टँडने हे कुणाला सांगावं?

मग निवृत्ती आली, भोपाळमधलाच कोलार रोडचा फ्लॅट आला आणि मी बाल्कनीत गेलो. माझ्यावर ओले टॉवेल पडू लागले, दिवाळीत आकाशकंदील लटकू लागला. त्याबद्दल रडत नाही.

श्रीकांतभाऊंची मुलगी कांचन एम. पी. नगरमध्ये कोचिंगला शिकवते. जुन्या नाचांची, खेळांची चित्रणं इंटरनेटवर ठेवणारा एक संग्रह तिने मैत्रिणींबरोबर सुरू केला. सगळ्यांना मोफत. कुठल्याही गावातल्या मुलीने उघडावं, खुर्च्या बाजूला साराव्यात आणि बघून नाचावं. त्यासाठी तिने घरातल्या सगळ्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या.

"बाबा, ये क्या है? एकतीस कॅसेट, आणि एकही पाय नाही?"

"प्रमिलावहिनींनी सांगितलं होतं."

"आणि सिंधूमावशी काय सांगत होत्या?"

बाबा कॅसेट पुन्हा डब्यात भरू लागले.

तरी तिने झिम्मा संग्रहात टाकला. आठवडाभरात चंद्रपूरच्या एका मुलीने त्याखाली लिहिलं, "हात कळले. पाय दाखवा ना." कांचनने ते वडिलांना तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा ते उठले, बाल्कनीत आले आणि माझ्यावरचा टॉवेल काढला.

सिंधूबाई दोन गल्ल्या सोडूनच राहत होत्या. वय शहात्तर, दोन्ही गुडघे दुखरे. मला दारात बघून त्या म्हणाल्या, "आता पाय मागायला आलात होय, भाऊजी? तेव्हा धडधाकट होते."

"चुकलं, वहिनी. कात्री आहे का घरात?"

गाठ इतकी बसली होती की सुटेना. सुतळी श्रीकांतभाऊंनी स्वतः कापली. माझी मान कुरकुरत खाली गेली. तीन पाय फाकवून त्यांनी मला फरशीलगत बसवलं आणि कांचनने माझ्या डोक्यावर मोबाइल लावला.

सिंधूबाईंनी साडी पोटरीपर्यंत वर खोचली. "बघू दे काय बघायचं ते जगाला." खुर्चीची पाठ धरली. एक. दोन. टाच उचलली, वळल्या. टाच टेकली.

पुन्हा. टेकली.

सात वेळा.

"डोक्यात आहे गं," त्या बसत म्हणाल्या. "टाचेत नाही राहिलं."

"मावशी, रहने दो. तुम्ही बोलून सांगा, मी ते रेकॉर्ड करते."

"बोलून जमलं असतं तर त्या हॉलमधल्या बायकांना अकरा वर्षांत जमलं नसतं का?"

संग्रहात आता अशी नोंद आहे:

*खेळ: अडीच पावलांचा झिम्मा.*
*करून दाखवणाऱ्या: सिंधूबाई, वय ७६.*
*पाय दिसतात का: अडीचपैकी दोन.*

उरलेलं अर्धं मला ठाऊक आहे. पण मला टाच नाही.

मित्रांनो, मला पुसा, मला जपा, असं मी म्हणणार नाही. टॉवेल घाला खुशाल. पण तुमच्या घरात कुणी नाचत असेल आणि 'इथे बघा' म्हणत असेल, तर ती बोट दाखवेल तिथेच कॅमेरा न्या. कुणाला विचारायचंच असेल तर तिला विचारा. आणि पुढच्या वर्षी म्हणू नका. पुढच्या वर्षी टाच टेकते.