चाळीस यार्ड, चालत

ओडेसा टॉलिव्हरने मक्याच्या पिठात घोळवलेला मांगूर कढईत सोडला, तेव्हा पाहुणा यायला अजून तासभर होता. तरी बाहेरच्या खोलीतली खुर्ची तिने तीनदा पुसली होती. उत्तरेकडच्या एका मोठ्या अमेरिकी फुटबॉल क्लबचा माणूस, मिस्टर हॅस्केल, मुलगी बघायला यावं तसा तिच्या रेनार्डला बघायला येणार होता.

रेनार्ड चार वर्षं आमच्या काळ्यांच्या कॉलेजचा क्वार्टरबॅक होता. म्हणजे चेंडू कुणाकडे आणि कधी जाणार हे ठरवणारा आणि तो फेकणारा. अख्खा संघ त्याच्या डोक्याने चालायचा.

दाराशी ओडेसाचा धाकटा भाऊ लेम्युएल पाय लांब करून बसला होता. त्याचा उजवा गुडघा वाकत नसे.

“ताई, त्या माणसासमोर पोराच्या धावण्याचं कौतुक नको करूस.”

“का रे? दृष्ट लागेल?”

“लागू दे दृष्ट. घड्याळ लावतील त्याची भीती आहे.”

लेम्युएलही कॉलेजात फेकणारा होता. पंधरा वर्षांपूर्वी असाच एक पाहुणा आला, त्याला चाळीस यार्ड पळवलं आणि कार्डावर लिहून टाकलं, कॉर्नर. कॉर्नरने समोरच्याच्या मागे धावायचं आणि त्याच्या अंगावर स्वतःला झोकून द्यायचं. तिसऱ्या वर्षी गुडघा गेला, त्याबरोबर पगारही गेला. मैदान एक, चिखल एक, पण कार्डावरच्या त्या एका शब्दावर कुणाला किती मिळणार आणि किती वर्षं मिळणार हे ठरत असे. आमच्या पोरांना नुसते पाय आणि गोऱ्यांच्या पोरांना डोकं, असा नियम कुठे छापलेला नव्हता. छापायची गरजच पडली नाही, आणि आम्हीही मुकाट्याने सही करत आलो, याची मला आजही चीड येते.

हॅस्केल आला, पोटभर जेवला, पालेभाजी दोनदा मागून घेतली. ओडेसाला राहवेना.

“साहेब, आमचा रेनार्ड टपालाच्या गाडीला मागे टाकतो, गाडीला!”

लेम्युएलने डोळे मिटून घेतले. हॅस्केलने हसत खिशातून कार्ड काढलं. त्यावर खेळायच्या जागेच्या रकान्यात पेन्सिलीने आधीच लिहिलेलं होतं, कॉर्नर. समोर बसलेल्या रेनार्डने ते उलटं असूनही वाचलं.

“चल बाळ, चर्चमागच्या रस्त्यावर जरा पळून दाखव.”

“साहेब, मी क्वार्टरबॅक आहे. आधी माझं फेकणं बघा ना.”

“फेकणारे आहेत रे आमच्याकडे. तुझे पाय हवेत. वर्षाला एकवीस हजार डॉलर.”

“आणि तुमच्या फेकणाऱ्याला?”

“नव्वद. पण त्याचं तुला काय करायचंय?”

ओडेसा वर्षभर दुसऱ्यांचे कपडे धुऊन इस्त्री करायची, तेव्हा तीन हजारही जेमतेम हाती यायचे. तिने मुलाचा दंड धरला.

“रेनार्ड, धाव की रे! माझे हात बघ जरा. अजून किती वर्षं लोकांची शर्टं घासू?”

त्या हातांकडे बघायचं रेनार्डने टाळलं. तो उठला आणि रस्त्याकडे निघाला.

बातमी वाऱ्यासारखी पसरली होती. चर्चमागे निम्मी वस्ती गोळा झाली. हॅस्केलने पावलांनी चाळीस यार्ड मोजले, दोन्ही टोकांना मातीत रेघ ओढली आणि पलीकडे घड्याळ घेऊन उभा राहिला. त्याने हात खाली टाकला.

रेनार्ड चालू लागला. रविवारी प्रार्थनेला जातो तसा, हात मागे बांधून, सावकाश.

आधी कुणाला काही कळेना. मग एक म्हातारी खुदकन हसली आणि लगेच गप्प झाली.

“अरे धाव!” ओडेसा किंचाळली. “देवाशप्पथ, धाव म्हणते ना!”

त्याची मान ताठ होती, पण गालावरून पाणी ओघळत होतं. त्याने एकही पाऊल भरभर टाकलं नाही. रेघ ओलांडून तो हॅस्केलसमोर थांबला.

“किती भरले?”

“अठ्ठावीस सेकंद,” हॅस्केल लालबुंद होऊन म्हणाला.

“लिहा कार्डावर. इतका मंद माणूस कॉर्नर कसा होईल? तेवढा शब्द खोडा.”

“पस्तावशील, पोरा.”

“बघू.”

गाडी धुरळा उडवत गेली. ओडेसा तीन दिवस मुलाशी बोलली नाही. ताट वाढायची आणि पाठ फिरवायची. भावाला मात्र तिने सोडलं नाही.

“तुझं दुःख माझ्या पोराच्या गळ्यात बांधलंस तू!”



एप्रिलमध्ये क्लबांनी पाळीपाळीने, फेरीफेरीने पोरं निवडली. दोन दिवस नावं पुकारली जात होती, चारशेच्या वर. रेनार्डचं नाव आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. ओडेसाने झडप घालून उचलला.

“बाई, हॅस्केल बोलतोय. शेवटची फेरी आहे. एक जागा ठेवलीय मी, कॉर्नरची. मुलाला नुसतं हो म्हणायला सांगा. एकवीस हजार.”

तिच्या तोंडावर हो आलंच होतं. तेवढ्यात दाराशी लेम्युएल पाणी प्यायला उठत होता. चौकटीला दोन्ही हात लावून, दात आवळून, आधी डावा पाय, मग उजवा ओढत. बारा वर्षं ती हे रोज पाहत होती. आज तिला ते बघवेना.

“साहेब, तुमचा तो नव्वदवाला किती वर्षांचा?”

“सदतीस. का हो?”

लेम्युएलही सदतीसचाच होता.

“पुढच्या वर्षीही तोच खेळणार ना?”

“हो, अजून तीन-चार वर्षं सहज खेळेल. पण तुमचं काय ठरलं? माझ्याकडे वेळ नाही.”

“इथं क्वार्टरबॅक राहतो,” ओडेसा म्हणाली. “कॉर्नर हवा असेल तर दुसरं घर बघा.”

तिने फोन ठेवला. ती भिंतीला टेकून खालीच बसली. रेनार्ड धावत आत आला.

“कोण होतं, आई?”

“तुझ्या मामाला न्यायला आले होते परत,” ती म्हणाली. “मी नाही म्हटलं.”