माणसात यायचे तीन दिवस

शुरोंगताई बसमध्ये चढली की आजूबाजूच्या सीटा आपोआप रिकाम्या होत. दीड वर्ष बाई चीनमधल्या वोलोंगच्या डोंगरात पांडाचा काळापांढरा झगा घालून, त्याला पांडाचं मूत फासून, एका पिल्लाच्या मागे हिंडत होती. दोउदोउ त्याचं नाव. त्याला जंगलात सोडायचं होतं, आणि जंगलात जाणाऱ्याला माणसाचा लळा लागून चालत नाही.

आता त्याची परीक्षा होती. शुरोंगनं झग्याशिवाय समोर जायचं. पळाला तर जंगल, जवळ आला तर जन्मभर कुंपण. तिला भ्याला तर तो कुठल्याही माणसाला भिईल, असा तिथल्या पांडा केंद्राचा हिशेब. भागीदार प्राणिसंग्रहालयाच्या डॉक्टर हेल्गा त्याच्या गळ्यात बांधायचा रेडिओपट्टा घेऊन परदेशाहून येऊन बसल्या होत्या.

केंद्रप्रमुख के साहेबांनी नाक दाबून वेगळीच अडचण काढली.

"ताई, झगा उतरवलास तरी तुझ्या अंगाला पांडाचाच वास! तो तुला आईच समजेल. तीन दिवस घरी जा, माणसात ये."

मग काय, दिवसातून चारदा आंघोळ. जेवायला हॉटपॉट, म्हणजे लसूण-मिरचीचा लालभडक उकळता रस्सा. दुपारभर शेजारच्या माजाँगच्या, म्हणजे सोंगट्यांच्या जुगाराच्या अड्ड्यावर सिगारेटच्या धुरात बैठक.

"वीस वर्षांत माझ्यासाठी कधी एवढी घासून न्हायली नाहीस," नवरा देंग कुरकुरला.

"तुला काय जंगलात सोडायचंय?"

चौथ्या दिवशी ती कुंपणात शिरली. दोउदोउनं बांबू खाली टाकला आणि मान वर केली. दोन पावलं पुढे आला. येऊ नकोस रे बाबा, शुरोंग मनात म्हणत होती, आणि त्याच मनाला वाटत होतं, एकदाच ये. त्यानं नाक वर करून हुंगलं. मग जोरात फुसकारला आणि धूम ठोकून देवदारावर चढला, तो थेट शेंड्यापर्यंत.

कुंपणाबाहेर एकच जल्लोष झाला. के साहेबांनी टोपी उडवली. शुरोंग बाहेर आली तशी हेल्गाबाईंनी तर तिला मिठीच मारली.

तिनं तिथूनच देंगला फोन लावला. "पहिल्या नंबरानं पास झाला! मला बघून असा पळाला, असा पळाला म्हणून सांगू!"

"शाब्बास! मग आवाज का असा?"

"ओळखलंच नाही रे मेल्यानं मला," ती म्हणाली आणि केंद्राच्या भर अंगणात हमसून रडायला लागली.