सगळ्याला हो

“पुष्पाताई, पेपर वाचताय का काय? वाय दाबा अन् पुढं चला,” खुर्चीमागून तिचे साहेब रंगनाथ डोके म्हणाले.

पुष्पावती साळवेने ‘हो’साठीचं वाय दाबलं. नागापूरच्या या कारखान्यात अकरा वर्षं ती टायपिस्ट होती. गेल्या वर्षी, अठ्ठ्याण्णवला, लिनक्सवर चालणारं कॉम्प्युटरचं मशीन आलं आणि ती ऑपरेटर झाली. आज सीडीवरून नवी आवृत्ती चढवायची होती. प्रोग्रामच्या पॅकेजागणिक मशीन काहीतरी विचारत होतं आणि प्रश्न पुरता वाचल्याशिवाय ती उत्तर देत नव्हती. तीनला दुसऱ्या पाळीच्या कामगारांची यादी फळ्यावर लावायची होती. दोन वाजून गेले होते.

पुण्याला चार दिवसांचा कोर्स करून आलेल्या डोकेसाहेबांनी कीबोर्ड ओढून घेतला. आदेशाच्या आधी ‘येस’ लिहून उभी रेघ मारली, की मशीन विचारील त्याला आपोआप हो जातं, असं त्यांनी सांगितलं.

“एखाद्याला नाही म्हणायचं असलं तर?”

“नाही म्हणायला बसवलंय का आपल्याला इथं?”

ओळी भराभर वर सरकल्या. छपाईची जुनी मांडणी पुसून नवी बसवू का, ही ओळ तिने वाचली तेव्हा उत्तर जाऊन चुकलं होतं.

त्या मांडणीत मराठी अक्षरं होती. कामगारांना यादीत आपलं नाव वाचता यावं म्हणून तीन महिने जेवणाच्या सुट्टीत बसून तिने एकेक अक्षर ठिपक्यांनी जुळवलं होतं. एकटा ळ सात वेळा.

कॉपी असेलच, डोके म्हणाले. कॉपीची फ्लॉपी गेल्या आठवड्यात त्यांनीच कोरी करून डिस्पॅचला दिली होती, हे तिने सांगितलं.

“तेव्हा बोलायचं ना तुमी.”

“बोलले होते. तुम्ही फोनवर होतात. हो हो म्हणालात.”

डोके केबिनमध्ये गेले.

तीनला यादी लागली. फळ्यापुढे लेथवरचा बन्सी उभा राहिला.

“बाई, माझं नाव कुठं हाय?”

नावांचा क्रम तिला पाठ होता. अक्षरांऐवजी छापलेल्या चौकोन आणि प्रश्नचिन्हांच्या एका ओळीवर तिने बोट ठेवलं.

“हे.”

बन्सीने त्या ओळीकडे नीट पाहिलं. मग तिच्याकडून पेन मागून घेतलं, चौकोनांच्या वर सावकाश आपलं नाव लिहिलं आणि पेन मागच्या कामगाराच्या हातात दिलं.