शेवटच्या बाकापर्यंत

लेमुएल प्रॉबर्टने वरची आणि खालची कवळी काढून बशीत ठेवली, ओठ आत ओढून घेतले आणि वर्तमानपत्रातली एक ओळ वाचली.

घरमालकीण मिसेस ब्रेंडल पाठमोरी उभी राहून बटाटे सोलत होती. तिने मान न वळवता सांगितलं,

"'फहा जहाजं फमुद्रात फापडली नाहीत.'"

"सहा," तो म्हणाला. "समुद्रात."

"तुम्ही काय म्हणालात ते नाही, मला काय ऐकू आलं ते सांगतेय. असंच ठरलंय ना आपलं? पुन्हा वाचा."

त्याने पुन्हा वाचलं. ती पाठमोरी उभी राहायची तेही ठरवूनच. तोंडाकडे बघितलं की डोळे कानांना मदत करतात, आणि ही मदत चित्रपटाच्या पडद्यासमोर बसलेल्यांनी करायची नाही, असं तिचं म्हणणं होतं.

अठरा वर्षांपूर्वी, सदतिसाव्या वर्षी, प्रॉबर्टला चित्रपटातलं पहिलं काम मिळालं ते सत्तरीच्या म्हाताऱ्याचं. निम्मे दात किडलेले होतेच. उरलेले त्याने आपण होऊन उपटून घेतले आणि तिसऱ्या दिवशी सुजलेल्या हिरड्यांनी कामावर हजर झाला. हनुवटी नाकाला टेकवता येणारा तो चेहरा मग दीडशेहून जास्त चित्रपटांत दिसला. खलाशी, भिकारी, सोनं शोधणारे वेडे, नातवंडांना वैतागलेले आजे. नाव कुणाला ठाऊक नव्हतं. पण तो पडद्यावर आला की माणसं शेजाऱ्याला कोपर मारून म्हणत, "आला बघ बोळका!" हॉलिवूडच्या सगळ्या स्टुडिओंत तो बोळका लेम याच नावाने ओळखला जायचा.

मग मुके चित्रपट बोलू लागले. कवळी लावली की प्रॉबर्टचं बोलणं स्वच्छ, पण चेहरा विमा कचेरीतल्या कारकुनाचा. काढली की चेहरा त्याचा, पण शब्दांची पेज. नटांची निवड करणाऱ्या माणसाने त्याचं कार्ड खणात सगळ्यात मागे सरकवलं.

"वाईट वाटून घेऊ नकोस, लेम. आता नुसतं थोबाड चालत नाही. शब्द लागतात."

"दोन्ही मिळतील," प्रॉबर्ट म्हणाला. "थोडे दिवस थांब."

थोड्या दिवसांचे सात महिने झाले. जिभेची कड वरच्या हिरडीमागे दाबून श्वास अगदी बारीक सोडला की 'स' निघतो, हे कळायला दोन महिने गेले. 'त' आणि 'द'ने त्याहून छळलं. हिरड्या सोलवटल्या. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करून तो पुन्हा बसायचा. एका सकाळी त्याने अर्धा स्तंभ वाचून संपवला, आणि मिसेस ब्रेंडलने तो शब्दन् शब्द परत म्हणून दाखवला. मग सुरी खाली ठेवून ती वळली.

"जा आता," ती म्हणाली. "कोट इस्त्री करून ठेवलाय."

काम मिळालं ते कोर्टातल्या साक्षीचं. म्हातारा शेतकरी, एकच वाक्य. दिग्दर्शक साल्टर तिशीतला, न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरून नुकताच आलेला. मायक्रोफोन न्यायाधीशासमोरच्या फुलदाणीत लपवला होता. तालमीत प्रॉबर्ट उभा राहिला आणि म्हणाला,

"माझा मुलगा त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत शेतात माझ्यासोबत होता, साहेब."

साल्टरने कपाळाला हात लावला.

"आजोबा, हे काय? मला पुटपुट हवी! जजला कळत नाही, तो तीनतीनदा विचारतो, लोक हसतात. त्यासाठीच तर तुम्हाला घेतलंय."

सात महिने प्रॉबर्टच्या डोळ्यांसमोरून गेले. तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून खाली उतरला नाही.

"त्या मुलाला फाशी व्हायचीय ना?"

"हो. मग?"

"आणि साक्षीदार हा एकटाच. जजला कळलं नाही तर पोरगा हातचा जाणार. असा बाप पुटपुटेल का, साहेब? हिरड्या फुटल्या तरी शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं बोलेल."

"दात नसलेल्या माणसाला ते जमणार कसं?"

प्रॉबर्टने तोंड उघडून दाखवलं. साल्टर वाकून आत बघत राहिला, मग ओशाळून मागे सरला.

"दोन्ही प्रकारे घेऊ," तो म्हणाला. "आधी माझ्या पद्धतीने."

प्रॉबर्टने त्यात कुचराई केली नाही. अशी काही पेज केली शब्दांची, की चित्रीकरणात आवाज करायची बंदी असल्यामुळे सेटवरच्या सुतारांनी हसू दाबायला तोंडात रुमालाचे बोळे कोंबले. मग त्याने ते वाक्य स्वतःच्या पद्धतीने म्हटलं. संपल्याची घंटा झाली तरी कुणी जागचं हललं नाही.

"कुठलं ठेवायचं ते बघू," साल्टर कागदात डोकं घालत म्हणाला.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी पासाडेनाच्या थिएटरात तो चित्रपट लागला. प्रॉबर्ट मिसेस ब्रेंडलला घेऊन गेला. कवळी लावलेल्या प्रॉबर्टला कुणीच ओळखलं नाही. पुढच्या रांगेत पिसांची मोठी हॅट घातलेली एक बाई नवऱ्याशेजारी बसली होती.

पडद्यावर चेहरा आला आणि थिएटरभर खसखस पिकली. म्हातारा बोलला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, शेतात माझ्यासोबत. खसखस विझली. मागे कुठेतरी कुणी खोकत होतं, तेही थांबलं.

"हा आवाज त्याचा नाही हं," हॅटवाली नवऱ्याला म्हणाली. "दुसऱ्या कुणाचा तरी चिकटवलाय. बोळक्या तोंडातून असे शब्द निघतात होय!"

"निघतील कसे? हल्ली काहीही करतात," नवरा म्हणाला.

मिसेस ब्रेंडल ताडकन पुढे सरसावली. प्रॉबर्टने तिच्या कोपरावर हात ठेवला. दुसऱ्या हाताने त्याने रुमाल तोंडाशी नेला, कवळी त्यात काढून घेतली, मग तो घडी करून खिशात टाकला आणि पुढे वाकला.

"बाईसाहेब, समोरचं दिसत नाही. हॅट जरा सरकवता का?"

"अगं बाई, माफ करा हं," ती म्हणाली, आणि मागे वळूनही न बघता तिने हॅट काढून मांडीवर घेतली.