पाचवा सुरुंग

हनीफने एकेक बोट मिटत चार स्फोट मोजले. पाचवं बोट तसंच उघडं राहिलं.

विहिरीतून धूर वर आला, काठावर रेंगाळला आणि विरून गेला. बांधाआड दडलेली माणसं एकेक करून उठली. सात परस खोल विहीर, तळाला काळा खडक, आणि त्यात हनीफने स्वतःच्या हाताने दारू ठासून भरलेली पाच भोकं. वाती पेटवून तोच शेवटी वर आला होता.

"एक राहिला," तो म्हणाला.

"विझली असंल वात," खंडेराव म्हणाला. विहीर त्याची. छत्तीस सालच्या त्या चैत्रात सिन्नरच्या वाटेवरचे सगळे झरे आटले होते, आणि काल तळाच्या भेगेत ओल दिसल्यापासून त्याला धीर नव्हता. "खाली ओल हाय ना. विझलीच. उतरवा कुणाला तरी."

"उद्या सकाळी बघू."

"पाणी हाताशी आलंय, आन् उद्या?"

खाली उतरून दगड भरायची आजची पाळी गेणूची होती. टोळीत तोच सगळ्यात चपळ. दोर कमरेला बांधत तो हसला.

"जातो मी, उस्ताद. माझी येळ भरली असंल तर घरी बसूनबी टळायचं नाय. नसंल, तर सुरुंग काय करतोय?"

हनीफ जागीच थबकला. तीन वर्षांपूर्वी कळवणकडच्या एका विहिरीवर हेच तो स्वतः बोलला होता. तिथेही एक सुरुंग असाच मुका राहिला होता. समोर धाकटा भाऊ शौकत उभा होता, आणि त्याला उतरायचं नव्हतं. 'लिहिलेलं टळत नाही, उतर,' हनीफ म्हणाला, आणि शौकत उतरला. पुढे शौकतच्या बायकोला, अमिनाला, तो तेवढंच सांगत आला होता: लिहिलेलं होतं. आता ती त्याच्याच टोळीत मुरूम वाहत होती. या घडीला बाभळीखाली पाटी घेऊन उभी होती आणि इकडेच बघत होती.

"सोड दोर," हनीफ म्हणाला.

"गेलो आन् आलो, उस्ताद."

हनीफने पुढे होऊन गेणूच्या कमरेची गाठ सोडली. रहाटावरचा दोर ओढून काढला आणि सगळाच्या सगळा विहिरीत टाकून दिला. तो तळाला आदळल्याचा आवाज यायला थोडा वेळ लागला.

खंडेराव तरातरा पुढे आला.

"डोकं फिरलं का तुझं? दुसरा दोर आणायला सिन्नर गाठावं लागंल! उद्यापासून माझ्या रानात पाऊल ठेवायचं नाय तू!"

"नाही ठेवणार. पण आज खाली कुणी उतरणार नाही."

तो विहिरीच्या वाटेवर आडवा बसला. माणसं कुरकुरत सावलीला गेली. ऊन चढत गेलं. पारव्यांचं एक जोडपं काठावर उतरलं, आत डोकावलं आणि लगेच उडालं. पुन्हा उतरलं, पुन्हा उडालं. विहिरीतून ना धूर येत होता, ना आवाज. बराच वेळ गेल्यावर गेणू मोठ्याने म्हणाला, "उस्ताद भ्याले!" दोघं-तिघं हसले.

हनीफने मान वर केली नाही. त्याचे ओठ हलत होते. तो विनवत होता, की काही होऊ नये. पाचवा मुकाच राहावा. वात खरंच विझलेली निघावी.

मग पायांखालची जमीन हादरली. दगड विहिरीच्या तोंडातून वर उसळले, त्यातला एक रहाटाच्या खांबाला लागला आणि खांब मधोमध मोडला. धुरळा खाली बसला तेव्हा गेणू स्वतःचे गुडघे दोन्ही हातांनी घट्ट धरून बसला होता.

खंडेरावाने पागोटं काढलं.

"गेणूची येळ आली नव्हती," तो हळूच म्हणाला. "खंडोबानं राखलं."

"खरं हाय," माणसं म्हणाली. जो तो आभाळाकडे बघून हात जोडत होता. गेणू उठून हनीफच्या पाया पडायला आला, तसा हनीफ मागे सरकला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

अमिना बाभळीखालून आली. चार हातांवर थांबली.

"भाईजान, आज किती वेळ थांबलात?"

"दीड तास असेल."

"आणि कळवणला?"

कळवणची टोळी कधीच पांगली होती. आता विचारायला कुणी उरलं नव्हतं. तो काहीही सांगू शकला असता. दिवसभर थांबलो होतो, असंसुद्धा. अमिनाने ते मानलं असतं. कदाचित तिला तेच ऐकायचं होतं.

"एक विडी ओढून होईपर्यंत," हनीफ म्हणाला. "तो नको म्हणत होता. मी उतरवला."

अमिनाने पाटी खाली ठेवली. पलीकडे माणसं अजून देवाचं नाव घेत होती.

"तीन वर्षं," ती म्हणाली, "मी अल्लाशी भांडत होते."